हिवतापप्रवण प्रदेशातील प्रौढांचे व्याधिक्षमत्व आणि लसीचा शोध

विषयप्रवेश

विषमज्वराचे वर्णन आपल्या संहितांत विस्ताराने आलेले आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ज्वराध्याय आणि सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील ज्वरप्रतिषेधाध्याय यांत संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक हे भेद सांगितले आहेत. हे भेद आणि आधुनिक शास्त्रातील हिवतापाचे प्रकार यांची तुलना करणारे लेखन आजवर पुष्कळ झाले आहे, म्हणून त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून वेगळा आहे. हिवताप जेथे पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहे, तेथील प्रौढ माणूस वर्षातून अनेकदा दूषित डासांचे दंश सोसूनही बहुधा हिंडताफिरता राहतो. त्याच गावातील दोन वर्षांचे मूल मात्र त्याच तापाने दगावते. प्रौढाच्या शरीरात असे काय उत्पन्न झालेले असते? आणि ते कृत्रिम रीतीने बालकाला देता येईल काय? हिवतापावरील लसीचा संपूर्ण शोध या दोन प्रश्नांभोवती फिरत आलेला आहे.

हा विषय आम्ही निवडला याची कारणे दोन आहेत. व्याधिक्षमत्व या संकल्पनेचा इतका तपशीलवार अभ्यास दुसऱ्या क्वचितच एखाद्या व्याधीत झाला असेल, हे पहिले कारण. दुसरे कारण व्यावहारिक आहे. ग्रामीण व वनक्षेत्रात काम करणाऱ्या वैद्याकडे तापाचा रुग्ण सर्वप्रथम येतो, आणि 'इथल्या लोकांना हा ताप अंगवळणी पडला आहे' ही समजूत त्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

व्याधिक्षमत्वाचे दोन अर्थ

सर्व शरीरे व्याधी सहन करण्यास सारखीच समर्थ नसतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात सांगितले आहे. अतिस्थूल, अतिकृश, ज्यांचे मांस, शोणित व अस्थी सुसंहत नाहीत असे, दुर्बल, असात्म्य आहाराने पोसलेले, अल्पाहारी आणि अल्पसत्त्व ही असमर्थ शरीरे होत. या स्थळी टीका करताना चक्रपाणिदत्तांनी व्याधिक्षमत्वाचे दोन अर्थ दिले आहेत. 'व्याधिबलविरोधित्व' म्हणजे उत्पन्न झालेल्या व्याधीच्या बलाला विरोध करणे, आणि 'व्याध्युत्पादप्रतिबंधकत्व' म्हणजे व्याधी उत्पन्नच होऊ न देणे.

परीक्षेसाठी ही व्याख्या आपण सर्वांनी पाठ केलेली असते. परंतु या दोन अर्थांतील अंतर किती मोठे आहे हे हिवतापाच्या अभ्यासात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसत नाही. गोवर एकदा होऊन गेला की सहसा आयुष्यभर पुन्हा होत नाही. तेथे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. हिवतापात ते वेगळे होतात. प्रवण प्रदेशातील प्रौढाच्या रक्तात जंतू शिरतात, वाढतात, कित्येक आठवडे राहतात, तरीही तो आजारी पडत नाही. त्याच्या ठायी व्याधिबलविरोधित्व पुरेपूर असते, पण व्याध्युत्पादप्रतिबंधकत्व फारच थोडे.

आफ्रिकेतील माली देशात मुले व तरुण प्रौढ यांचे दीर्घकाळ बारकाईने निरीक्षण करण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पावसाळ्यात नव्याने जंतुसंसर्ग होण्यास लागणारा काळ वयानुसार फारसा बदलला नाही. मात्र संसर्गानंतर ताप येण्याचे प्रमाण वयाबरोबर स्पष्टपणे घटत गेले. चक्रपाणिदत्तांनी केलेल्या भेदाला याहून सुबोध उदाहरण मिळणे कठीण आहे.

निरीक्षणाचा इतिहास

रॉबर्ट कॉख यांनी १८९९-१९०० मध्ये जावा आणि न्यू गिनी येथे निरनिराळ्या वयाच्या लोकांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. लहान मुलांच्या रक्तात जंतू विपुल व प्रौढांच्या रक्तात विरळ आढळले. वारंवार संसर्गाने प्रतिकारशक्ती हळूहळू येते, असे अनुमान त्यांनी यावरून काढले. डासाच्या शरीरात हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे १८९७ मध्ये पाहिले होते. म्हणजे रोगाचा मार्ग कळल्यानंतर दोनतीन वर्षांतच प्रतिकाराचा प्रश्नही पुढे आला.

ही शक्ती रक्तातील कोणत्या घटकात असते, हे १९६१ मध्ये गांबिया देशातील प्रयोगाने सिद्ध झाले. कोहेन, मॅकग्रेगर व कॅरिंग्टन यांनी तेथील निरोगी प्रौढांच्या रक्तातून गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडे असलेला अंश, वेगळा केला आणि तो तीव्र हिवतापाने आजारी असलेल्या मुलांना टोचला. काही दिवसांतच मुलांच्या रक्तातील जंतूंची संख्या झपाट्याने उतरली. पुढे १९९१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील प्रौढांची प्रतिपिंडे थायलंडमधील रुग्णांना देण्यात आली, आणि तेथेही जंतू घटले. एका खंडातील माणसाने मिळवलेले बल दुसऱ्या खंडातील जंतूविरुद्धही उपयोगी पडले, म्हणजे जंतूंच्या निरनिराळ्या वाणांत काही अंश समान असला पाहिजे. लसीच्या शोधाला खरी आशा या दोन प्रयोगांनी दिली.

बलाचे तीन प्रकार आणि हिवताप

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात बल तीन प्रकारचे सांगितले आहे: सहज, कालज आणि युक्तिकृत. हिवतापाच्या संदर्भात ही मांडणी अभ्यासास सोयीची आहे. प्राचीनांना जंतू ठाऊक होते असा दावा आम्ही यातून करीत नाही. विचाराची चौकट म्हणूनच तिचा उपयोग करीत आहोत.

सहज बलाची उदाहरणे हिवतापात प्रसिद्ध आहेत. सिकलसेलचा एकच जनुक असलेल्या वाहक व्यक्तीस फाल्सीपॅरम हिवतापाच्या गंभीर अवस्थेपासून मोठे संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखविले. पश्चिम आफ्रिकेतील बहुसंख्य लोकांच्या लाल रक्तपेशींवर डफी नावाचा प्रतिजन नसतो, आणि त्यामुळे व्हायवॅक्स जंतूला त्या पेशींत शिरणे अवघड जाते. आपल्याकडे विदर्भातील आदिवासी समाजांत सिकलसेलचे वाहक मोठ्या संख्येने आढळतात, आणि गडचिरोली हा जिल्हा हिवतापासाठीही ओळखला जातो. मात्र वाहकास मिळणारे संरक्षण आंशिक असते, आणि दोन्ही जनुके सदोष असलेल्या रुग्णास हिवताप उलट अधिक घातक ठरतो, हे वैद्याने कधीही विसरू नये.

कालज बल ऋतू व वय यांवर अवलंबून असते. आफ्रिकेतील तीव्र प्रादुर्भावाच्या भागात नवजात अर्भक पहिले काही महिने बऱ्याच अंशी सुरक्षित असते. त्यानंतरची चारपाच वर्षे सर्वांत धोक्याची. त्यातून वाचलेल्या मुलास प्रथम मृत्यूपासून, मग तापापासून आणि शेवटी जंतूंच्या मोठ्या संख्येपासून संरक्षण मिळते. हा क्रम केवळ दंशसंख्येचा परिणाम आहे की वयाचाही, याचे उत्तर इंडोनेशियात मिळाले. हिवताप थोडा असलेल्या जावा बेटावरून इरियन जया या तीव्र प्रादुर्भावाच्या प्रदेशात कुटुंबे वसविण्यात आली. त्यांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. मुले व प्रौढ यांचा सहवास जंतूशी सारखाच होता, तरी सुमारे दोन वर्षांत प्रौढांत जे संरक्षण दिसले ते मुलांत दिसले नाही. शरीराच्या परिपक्वतेलाही येथे स्वतंत्र स्थान आहे. मात्र पहिल्याच संसर्गात, कोणतेही पूर्वबल नसताना, प्रौढांनाही गंभीर आजार होतो, किंबहुना अधिक होतो. कामासाठी परगावाहून वनक्षेत्रात आलेल्या धडधाकट मजुराच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे.

ऋतूचा प्रभावही मोजण्यात आला आहे. माली येथील २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जंतूच्या सुमारे १,२०० प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासली गेली. हिवतापाच्या हंगामात ती पुष्कळ वाढली, आणि कोरड्या ऋतूत त्यांतील बरीचशी ओसरली. वर्षागणिक थोडीच शिल्लक राहते आणि ती साठत जाऊन प्रौढपणी पुरेशी होते. प्रतिकार येण्यास इतकी वर्षे का लागतात, याचे हे एक कारण होय. प्रवण प्रदेश सोडून काही वर्षे परदेशी राहिलेला आफ्रिकी माणूस गावी परतताच तापाने आजारी पडतो, यामागेही हेच आहे.

स्त्रियांच्या बाबतीत एक स्वतंत्र गोष्ट आढळते. फाल्सीपॅरम जंतूने ग्रस्त झालेल्या लाल पेशी अपरेला चिकटून राहतात. त्यासाठी जंतू एक विशिष्ट प्रथिन वापरतो. त्याच्याशी बालपणी किंवा कुमारवयात शरीराचा परिचय झालेला नसतो, म्हणून तीव्र प्रादुर्भावाच्या भागातील प्रौढ स्त्री पहिल्या गर्भारपणी पुन्हा असुरक्षित होते. पुढील गर्भारपणांत हा धोका घटत जातो. जेथे प्रादुर्भाव मंद आहे तेथे मात्र प्रत्येक गर्भारपण सारखेच जोखमीचे असते. भारतातील बहुतेक भाग या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

लसीचे प्रतिजन आणि प्रौढांचे रक्त

आता युक्तिकृत बलाकडे वळू. हिवतापाचा जंतू शरीरात रूपे बदलतो. डासाच्या दंशातून स्पोरोझॉइट येतात आणि यकृतात जातात. तेथून मेरोझॉइट बाहेर पडून लाल पेशींत शिरतात. प्रत्येक रूपाच्या पृष्ठभागावरील प्रथिने निराळी असतात. त्यांपैकी कोणते प्रथिन लसीसाठी निवडावे, हे ठरविताना संशोधकांनी प्रवण प्रदेशातील प्रौढांचे रक्त ही कसोटी मानली. ज्या प्रथिनाविरुद्ध रोगमुक्त प्रौढांत प्रतिपिंडे भरपूर, ते प्रथिन संरक्षक असावे, असा हा तर्क होता. तर्क सुसंगत असला तरी त्याने अनेकदा चकविले.

पहिला धक्का केनियात बसला. पश्चिम केनियातील ८३ प्रौढांना औषध देऊन जंतुमुक्त करण्यात आले व त्यांचे ९८ दिवस निरीक्षण झाले. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६० जणांना पुन्हा संसर्ग झाला. स्पोरोझॉइटविरुद्धची प्रतिपिंडे संसर्ग झालेल्यांत आणि न झालेल्यांत सारखीच होती. नैसर्गिक मार्गाने आलेली ती प्रतिपिंडे संसर्ग रोखण्यास पुरत नव्हती.

दुसरा अनुभव मेरोझॉइटच्या प्रथिनांचा. एमएसपी-१ आणि एएमए-१ या प्रथिनांविरुद्ध प्रौढांत प्रतिपिंडे विपुल असतात. एमएसपी-१ वर आधारित लस केनियातील मुलांना दिली असता संरक्षण दिसले नाही. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एएमए-१ ची लस मालीतील ४०० मुलांमध्ये तपासली गेली व निष्कर्ष २०११ मध्ये आले. एकंदर तापाविरुद्ध परिणाम अवघा १७ टक्के, म्हणजे योगायोगाहून वेगळा म्हणता न येण्याजोगा होता. परंतु लसीत वापरलेल्या वाणाशी जुळणाऱ्या जंतूपुरते पाहिले तर तो ६४ टक्के भरला. पापुआ न्यू गिनीतही तसेच घडले. तेथे एमएसपी-२ हे प्रथिन असलेली लस दिल्यावर त्या वाणाचे जंतू घटले, पण दुसऱ्या वाणाने आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण वाढले. प्रौढाचे शरीर वर्षानुवर्षे शेकडो वाणांशी परिचित झालेले असते. एकाच वाणाची लस त्या दीर्घ परिचयाची जागा घेऊ शकत नाही. केनियातील किलिफी येथील मुलांच्या अभ्यासात हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसली. कोणत्याही एका प्रतिपिंडापेक्षा अनेक प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे एकत्र व पुरेशा प्रमाणात असणे हे संरक्षणाशी अधिक निगडित होते.

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रतिपिंड सापडणे हे कित्येकदा केवळ 'जंतू येथून गेला होता' याचे चिन्ह असते. जसे राख सापडली म्हणजे विस्तव होता एवढेच कळते, तो कोणी विझविला हे कळत नाही. कारण आणि लिंग यांतील भेद आपल्या शास्त्राला नवा नाही. हा गुंता सोडविण्यासाठी किलिफी येथे १६१ केनियन प्रौढ स्वयंसेवकांना देखरेखीखाली जंतू टोचून निरीक्षण करण्यात आले. सर्वजण प्रवण देशातीलच. तरीही काहींना ताप आला, काहींच्या रक्तात जंतू वाढले पण ताप आला नाही, काहींत जंतू अत्यल्प राहिले, तर काहींत सूक्ष्म तपासणीतही दिसले नाहीत. 'प्रवण प्रदेशातील प्रौढ' हा एकच गट नसून त्यात बलाच्या अनेक पायऱ्या आहेत, हे यावरून कळते.

निसर्गाच्या पलीकडे जाणारी लस

यशस्वी ठरलेल्या लसींची कथा या पार्श्वभूमीवर बोधप्रद आहे. आरटीएस,एस ही लस स्पोरोझॉइटच्या त्याच प्रथिनावर आधारित आहे, ज्याविरुद्धची नैसर्गिक प्रतिपिंडे केनियातील प्रौढांना तारू शकली नव्हती. लसीने मात्र ती प्रतिपिंडे नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट वाढविली. आफ्रिकेतील सात देशांत २००९ ते २०१४ या काळात १५,४५९ बालकांवर तिची चाचणी झाली. पाच ते सतरा महिने वयाच्या ज्या बालकांना चार मात्रा मिळाल्या, त्यांच्यात सुमारे चार वर्षांच्या काळात तापाचे प्रसंग ३६ टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेने ६ ऑक्टोबर २०२१ रोजी तिची शिफारस केली. त्यानंतर २ ऑक्टोबर २०२३ रोजी आर२१ या दुसऱ्या लसीची शिफारस झाली. ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या या लसीचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये होते, ही महाराष्ट्रातील वाचकांना समाधान देणारी बाब आहे. बुर्किना फासो, केनिया, माली व टांझानिया येथील ४,८०० मुलांच्या चाचणीत पहिल्या वर्षी हंगामी प्रादुर्भावाच्या ठिकाणी ७५ टक्के आणि बारमाही प्रादुर्भावाच्या ठिकाणी ६८ टक्के संरक्षण आढळले. दोन्ही लसी फाल्सीपॅरमविरुद्ध आणि मुलांसाठी आहेत. व्हायवॅक्सविरुद्ध त्यांचा उपयोग नाही.

लाल पेशीत शिरण्यासाठी जंतूला अत्यावश्यक असलेले आरएच-५ हे प्रथिनही असेच उद्बोधक आहे. त्याविरुद्ध प्रवण प्रदेशातील प्रौढांतही प्रतिपिंडे कमीच आढळतात. जुन्या कसोटीने ते बाजूला पडले असते. परंतु ते वाणावाणांत फारसे बदलत नाही. त्यावर आधारित लसीच्या बुर्किना फासोतील बालकांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसरी मात्रा उशिरा दिलेल्या गटात सहा महिन्यांत ५५ टक्के संरक्षण दिसले. निसर्ग ज्या मार्गाने प्रौढास बल देतो तो मार्ग अभ्यासनीय खरा, पण युक्तिकृत बलाने त्याचीच नक्कल करावी असे बंधन नाही.

वैद्याच्या व्यवहारासाठी

वरील विवेचनातून आपल्या दैनंदिन कामासाठी पुढील गोष्टी निष्पन्न होतात.

१. ताप नाही म्हणून जंतू नाहीत असे समजू नये. तापरहित प्रौढ हा गावातील डासांसाठी जंतूंचा साठा असतो. त्याचे व्याधिबलविरोधित्व त्याला तारते, पण शेजारच्या बालकाला तारत नाही. गावात रक्ततपासणी मोहीम आली असता निरोगी दिसणाऱ्यांनीही नमुना द्यावा, हे वैद्याच्या शब्दाने लोकांना लवकर पटते.

२. प्रवण भागातील रुग्णाच्या रक्तात जंतू सापडले तरी ताप दुसऱ्या कारणाचाही असू शकतो. हिवतापाचा पूर्ण उपचार करावाच, परंतु ताप न उतरल्यास आंत्रिक ज्वर, डेंग्यू आदींचा विचार सोडू नये.

३. भारतात बहुतेक ठिकाणी आफ्रिकेसारखा सततचा तीव्र प्रादुर्भाव नाही. म्हणून येथील प्रौढास आफ्रिकी प्रौढाएवढे बल आले आहे असे गृहीत धरू नये. बाहेरून आलेले मजूर, बदलीवर आलेले कर्मचारी, गर्भिणी, बालके आणि सिकलसेलचे रुग्ण यांच्या तापाची रक्ततपासणी त्याच दिवशी व्हावी.

४. शुद्ध हरपणे, झटके, कावीळ, काळसर लघवी, लघवी कमी होणे, श्वास लागणे, सतत वांती, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

५. निदान झाल्यावर राष्ट्रीय कार्यक्रमात ठरविलेला औषधोपचार पूर्ण मात्रेत द्यावा किंवा मिळवून द्यावा. गुडूची, सप्तपर्ण, किराततिक्त यांचे कल्प अग्निमांद्य, दौर्बल्य व प्लीहावृद्धी यांत सहायक म्हणून योजता येतील. जंतुनाशक औषधाच्या जागी नव्हे. सप्तपर्ण, कटुकी, किराततिक्त व लताकरंज यांपासून बनविलेल्या आयुष-६४ या कल्पाची व्हायवॅक्स हिवतापात क्लोरोक्वीनशी तुलना झाली. तिचे २००० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष क्लोरोक्वीनच्या बाजूने स्पष्ट होते. ते मान्य करण्यात आपल्या शास्त्राचा कमीपणा नाही.

६. कोणत्याही रसायनकल्पास 'हिवतापाची लस' किंवा 'हिवताप होऊ न देणारे औषध' असे संबोधू नये. व्याधिक्षमत्वाच्या नावाने केलेला असा दावा ऐकून एखादी माता मच्छरदाणी बाजूला ठेवील किंवा तपासणी पुढे ढकलील. त्याचे मोल तिच्या बालकास द्यावे लागेल.

उपसंहार

प्रवण प्रदेशातील प्रौढाचे बल ही निसर्गाची फार महाग देणगी आहे. ते मिळेपर्यंत अनेक बालके मृत्यू पावतात. जी वाचतात त्यांनाच ते लाभते. गाव सोडले, गर्भधारणा झाली किंवा ऋतू कोरडा गेला, तर तेही ढळते. अशा बलाची वाट पाहण्याचा सल्ला कोणीही सुज्ञ वैद्य देणार नाही. लसीचा शोध म्हणजे ही किंमत न मोजता तेच फळ मिळविण्याचा प्रयत्न होय, आणि तो आता कुठे अंशतः सफल झाला आहे. व्याधिबलविरोधित्व आणि व्याध्युत्पादप्रतिबंधकत्व हा भेद ज्यांच्या परंपरेने इतक्या नेमकेपणाने केला, त्या वैद्यांनी रुग्णाशी बोलतानाही तो पाळावा, एवढीच आमची वाचक वैद्यबंधुभगिनींना विनंती आहे.